घरचा व्यायाम व चित्रफितीची निवड

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९२८ साली सूर्यनमस्कारांवर इंग्रजी पुस्तक लिहिले आणि घरी व्यायाम करू इच्छिणारांस एक आधार दिला. आज हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावीही मोबाइलवर व्यायामाच्या चित्रफिती पाहावयास मिळतात. परंतु आखाड्यातील वस्ताद आपली चूक पाहतो. पडद्यावरील शिक्षक पाहत नाही. म्हणून वस्तादाचे काम आपणच करावयाचे.

दहा जोर नीट निघत नसल्यास भिंतीला हात टेकून आरंभ करविणारी चित्रफीत घ्यावी. बैठका जड जात असल्यास खुर्चीवरून उठण्याबसण्याची. शेवटची आवर्तने कष्टाची वाटावीत, पण श्वास कोंडता कामा नये. सांध्यात कळ येताच थांबावे. आरंभी आठवड्यातून दोन दिवस पुरेत. हृदयविकार असणाऱ्याने प्रथम डॉक्टरांस विचारावे. शिक्षकाचे पिळदार दंड पाहून निवड करणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा अंगात घालणे होय.