तराई : गवतानं जगवलेलं जंगल

जंगल म्हटलं की डोळ्यांपुढे झाडं येतात. उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरी जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेला खेटून असलेल्या दुधवा राष्ट्रीय उद्यानात झाडांना तोटा नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सरळसोट साल उभे असतात. पण तराईचं खरं धन या सालवनाच्या अधूनमधून पसरलेल्या गवतात आणि दलदलीत आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच.

हे गवत मुळात आलं कसं? हिमालयातून उतरणारं पाणी पायथ्याशी दगडगोट्यांचा जाड थर टाकत आलं आहे. त्या पट्ट्याला भाबर म्हणतात. लहानसहान ओढे भाबरात शिरतात आणि जमिनीखाली गडप होतात. दक्षिणेला बारीक मातीची सपाट जमीन लागली की तेच पाणी पुन्हा वर येतं. ती तराई. पावसाळ्यात शारदा आणि सुहेली नद्या काठ सोडतात, वळणं बदलतात, आणि तुटलेल्या वळणांचे ताल, म्हणजे तळी, मागे उरतात. उंचवट्यावर साल, सखलात माणूस दिसेनासा होईल एवढं गवत, त्याखाली पाणी.

या पाण्याशी सर्वांत जवळचं नातं बाराशिंग्याचं. किशनपूर अभयारण्यातल्या झादी तालात शेकड्यांनी बाराशिंगे पोटापर्यंत पाण्यात उभे राहून पाणवनस्पती खाताना दिसतात. त्याचा खूर नीट पाहावा. चिखलात पाय पडला की खुराचे दोन्ही भाग फाकतात, भार पसरतो आणि पाय रुतत नाही. मध्य प्रदेशातल्या कान्हाचा बाराशिंगा याचाच भाऊबंद. पण तो कठीण जमिनीवर राहणारा, म्हणून त्याचे खूर आवळ, टणक. एकाच जातीच्या प्राण्याचे पाय जमिनीनं असे वेगवेगळे घडवले.

या बाराशिंग्यांसाठी बिली अर्जन सिंग या शेतकऱ्यानं हट्ट धरला. एकेकाळचा हा शिकारी पुढे जंगलाचा राखणदार झाला, आणि 1977 मध्ये दुधवा राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. गेंडा मात्र इथून केव्हाच संपला होता. 1984 मध्ये आसामातल्या पोबितोराहून गेंडे आणले गेले. पाठोपाठ 1985 मध्ये नेपाळातल्या चितवनहून चार माद्या आल्या. त्यांच्या बदल्यात भारतानं 16 हत्ती दिले. उंच गवत आणि लोळायला चिखल दोन्ही मिळाल्यावर गेंडा इथे पुन्हा नांदू लागला.

गवत राखणं मात्र झाडं राखण्याइतकं सोपं नाही. नुसतं सोडून दिलं तर त्यात झुडपं आणि झाडं शिरतात. म्हणून वनखातं हिवाळ्यात ठरवून गवत पेटवतं. कोवळे कोंब फुटले की हरणांची चंगळ होते. पण त्याच गवतात राठ केसांचा दुर्मीळ ससा लपून राहतो, आणि पुढे उन्हाळ्यात माळढोकाच्या कुळातला बंगाल फ्लोरिकन घरटं करतो. सगळं एकदम जाळलं तर सशानं जायचं कुठे? त्यामुळे काही पट्टे जाळायचे आणि काही राखायचे, हाच शहाणपणाचा मार्ग.

उद्यानाबाहेरच्या गवताची गोष्ट वेगळी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिवतापामुळे बाहेरची माणसं तराईत टिकत नसत. थारू समाज तेवढा पिढ्यान्‌पिढ्या राहत आला. डीडीटीच्या फवारणीनं हिवताप हटला, फाळणीनंतरचे निर्वासित आले, गवताळ रानं नांगराखाली गेली. आज तिथे ऊस आहे.

वाघाच्या दृष्टीनं ऊस म्हणजे उंच गवतच. दाट, थंड, रानडुकरांनी भरलेलं. वाघीण तिथेच पिल्लं घालते. मग तोडणी सुरू होते आणि आडोसा पाहता पाहता नाहीसा होतो. जुन्नर तालुक्यातल्या उसाच्या फडात बिबट्याचे बछडे सापडल्याच्या बातम्या आपण दर हंगामात वाचतो. पिलीभीत आणि खीरीच्या ऊसतोड मजुराची गाठ मात्र वाघाशी पडते. फडात वाकून काम करणाऱ्या माणसाला त्याचा धोका सर्वांत जास्त.

दुधव्याला जरूर जा. पण जिप्सीत बसल्या बसल्या ‘वाघ कुठे आहे?’ असं विचारण्याआधी वाटाड्याला झादी तालाकडे न्यायला सांगा, आणि एक सबंध सकाळ त्या गवतासाठी राखून ठेवा.