दिवा लागला म्हणजे घर सुरक्षित झाले काय?

(पूरग्रस्त भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूरकडील वस्त्या बुडाल्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत व घराघरांत शिरले. अशा वेळी धान्य-कपडे घेऊन धावणाऱ्या कार्यकर्त्यांची महाराष्ट्रात वाण नाही. परंतु पाणी ओसरल्यावर घरोघरी एक प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर देण्यास कोणी जवळ नसते: भिजलेल्या वायरिंगमध्ये पुन्हा वीज सोडावी काय?

सर्वसाधारण समज असा की, चार दिवस ऊन लागले, भिंत कोरडी दिसली, बटन दाबताच दिवा लागला, की झाले. हा समज प्राणघातक आहे. दिवा लागतो याचा अर्थ वीज दिव्यापर्यंत पोहोचते, एवढाच. ती वाटेत आणखी कोठे झिरपते आहे, हे दिवा सांगत नाही.

तारेवरचे पीव्हीसीचे आवरण अखंड असेल तर थोडा वेळ लागलेले पाणी ते सोसते. धोका असतो तो सांध्यांत, सॉकेटांत, स्विचांत आणि बोर्डाच्या पेटीत. पुराचे पाणी स्वच्छ नसते. गाळ, मैला आणि क्षार ते सोबत आणते. पाणी सुकले तरी क्षारांचा थर राहतो, दमट हवेत तो पुन्हा ओलावा धरतो आणि विजेला वाट करून देतो. भिंतीत गाडलेल्या पाइपांत पाणी साचून राहते. जुन्या वाड्यांत व चाळींत लाकडी पट्टीवरील, सुती वेष्टनाच्या तारा अजून कोठे असतील, तर त्या बदलण्याखेरीज इलाज नाही.

येथे फ्यूज किंवा एमसीबी रक्षण करील, या भरवशावर राहू नये. ती साधने कित्येक अँपिअरचा प्रवाह झाल्यावरच तुटतात. माणसाचा जीव घेण्यास त्याचा अल्पसा अंश पुरतो. म्हणून गळती ओळखणारा आरसीसीबी हवा. घरगुती वापराचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडतो. १०० वॅटचा दिवा जेवढा प्रवाह घेतो, त्याचा हा सुमारे चौदावा हिस्सा आहे.

करावयाचे काय, ते स्पष्ट आहे. पाण्यात उभे राहून मेन स्विचला हात लावू नये. वीज बाहेरूनच तोडवून घ्यावी. भिजलेले स्विच, सॉकेट, होल्डर, फ्यूज व एमसीबी पुसून पुन्हा बसवू नयेत, बदलावेत. पेट्या उघडून तारा सुकवाव्यात. मग परवानाधारक ठेकेदाराकडून ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक सर्किट तपासावे. तार व अर्थिंग यांमधील रोध एक मेगओहमपेक्षा कमी भरला, तर वीज सोडू नये. अर्थिंगचीही तपासणी व्हावी.

परंतु प्रश्न केवळ तंत्राचा नाही. मीटरपर्यंतची व्यवस्था वीज कंपनीची आणि मीटरपुढची ग्राहकाची, अशी रेषा आखलेली आहे. ज्याचे पीठमीठ वाहून गेले, त्याने मेगर कोठून आणावा? भाडेकरूने घरमालकाच्या भिंतीतील तारा कोणत्या पैशाने बदलाव्यात? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत गळतीरोधक साधन बंधनकारक झाले, तेव्हा ५ किलोवॅटखालील घरगुती दाबाच्या जोडण्या त्यातून वगळल्या गेल्या. म्हणजे बंगल्याला संरक्षण आणि खोलीला सूट! जोडणी लहान असली तरी शॉक लहान बसत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी मदतकार्याच्या यादीत हे काम लिहून घ्यावे. पंचनाम्यात वायरिंगच्या नुकसानीची नोंद करून घ्यावी. पूरग्रस्त वस्तीत तपासणी सरकारी खर्चाने व्हावी, अशी मागणी तहसील कचेरीत आणि वीज कंपनीच्या कार्यालयात लावून धरावी. आयटीआयमधील तारतंत्री शाखेचे शिक्षक व परवानाधारक ठेकेदार यांना एकत्र आणून गल्लीगल्लीत तपासणी पथके उभारावीत. अंधारात आणखी चार रात्री काढणे कष्टाचे आहे खरे. पण पुरातून वाचलेले मूल घरच्या भिंतीला हात लावून दगावले, तर त्या घराला पाठविलेल्या धान्याचा काय उपयोग?