धुक्यात विमान उतरतं कसं?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गौलीगुड्याच्या गणपतीत विमानाचा विषय कशाला, असं कोणी विचारेल. पण आपलं आणि विमानाचं नातं जुनं आहे. आपला जुना बस स्टँड, तो घुमटासारखा भला मोठा पत्र्याचा मांडव, १९३० साली निजामाच्या काळात विमानांचा हँगर म्हणूनच उभा राहिला होता. १९३२ पासून तिथे बसगाड्या आल्या. ५ जुलै २०१८ रोजी तो कोसळला. सुदैवानं आधीच रिकामा केला होता, म्हणून कोणी दगावलं नाही. तेव्हा या विषयावर बोलायचा थोडा हक्क गौलीगुडाकरांना आहे, असं आम्ही समजतो. आम्ही वैमानिक नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेली माणसं. जे वाचलं, समजून घेतलं, ते सोप्या भाषेत सांगतो.

आधी अडचण काय ती पाहू. उतरायला आलेल्या जेट विमानाचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर असतो, म्हणजे सेकंदाला बहात्तर मीटर. समोर पाचशे मीटरपर्यंतच दिसत असेल, तर जे दिसलं त्याच्यापर्यंत पोचायला सात सेकंद लागतात. आपण नव्याण्णव, शंभर म्हणेपर्यंतच! त्यात ढगात शिरलं की माणसाचा कान, म्हणजे तोल सांभाळणारी आतली रचना, फसते. विमान वळत असतं आणि शरीर सांगतं, सरळ चाललंय. म्हणून वैमानिकाला पहिला धडा दिला जातो तो हा, की ढगात स्वतःवर नव्हे, यंत्रांवर विश्वास ठेव.

न दिसण्याची किंमत महाराष्ट्रानं मोजलेली आहे. ७ जुलै १९६२ च्या रात्री, ऐन पावसाळ्यात, मुंबईला उतरायला निघालेलं इटलीच्या अलितालिया कंपनीचं विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. ९४ जण होते, एकही वाचला नाही. आपण मुंबईच्या जवळ आलो अशा चुकीच्या अंदाजानं विमान लवकर खाली आणलं गेलं होतं. विमान धडधाकट होतं. समोरचा डोंगर तेवढा दिसला नाही.

अशा अपघातांवर पहिला मोठा उपाय आला तो १९७० च्या दशकात. डॉन बेटमन या इंजिनिअरच्या प्रयत्नांतून जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा विमानात बसू लागली. पण ती फक्त खाली पाहायची. समोर एकदम उभा कडा आला तर उशीर व्हायचा. १९९० च्या दशकात तिला जगाच्या डोंगरदऱ्यांचा नकाशा आणि उपग्रहावरून कळणारी जागा यांची जोड मिळाली. आता डोंगर येण्याच्या बराच आधी कॉकपिटमध्ये आवाज घुमतो, 'टेरेन, टेरेन, पुल अप.'

डोंगर टळला, तरी धावपट्टी सापडायला हवी. त्यासाठी विमानतळावर आयएलएस ही यंत्रणा असते. धावपट्टीवरून दोन रेडिओ किरण निघतात. एक सांगतो डावीकडे आहात की उजवीकडे, दुसरा सांगतो वर आहात की खाली. तीन अंशांच्या उताराची जणू एक अदृश्य घसरगुंडीच. साध्या, पहिल्या श्रेणीत वैमानिक तिच्यावरून जमिनीपासून दोनशे फुटांपर्यंत येऊ शकतो. या उंचीला 'डिसिजन हाइट' म्हणतात, म्हणजे निर्णयाची उंची. तिथे धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरायचं; नाही दिसले तर इंजिनाचा जोर वाढवून पुन्हा वर जायचं. तिसरा पर्याय नाही.

दिल्लीसारख्या धुक्याच्या गावी याहून वरची, तिसरी श्रेणी आहे. तिथे धावपट्टीवरची दृश्यता पन्नास मीटर असली तरी विमान स्वतःच्या यंत्रणेनं उतरू शकतं. ही दृश्यता मोजायला बेंगळुरूच्या एनएएल संस्थेनं 'दृष्टी' नावाचं यंत्र तयार केलं आहे. मात्र त्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी तयार लागतात: विमानतळ, विमान आणि प्रशिक्षण घेतलेले वैमानिक. तिन्हींतली एक नसली तरी उतरता येत नाही. 'शेजारचं विमान उतरलं, आमचंच का जयपूरला नेलं?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

आता कॉकपिटमधल्या नव्या डोळ्यांकडे येऊ. २ सप्टेंबर २००९ आपल्याला विसरता येणार नाही. गणपतीचेच दिवस होते. बेगमपेटहून चित्तूरकडे निघालेलं मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचं हेलिकॉप्टर नल्लमल्लाच्या जंगलात कोसळलं, पाच जण गेले. चौकशीत पुढे आलं, की वादळी हवा तर होतीच, पण त्याच वेळी तेलाच्या दाबाचा इशारा आला होता आणि वैमानिक पुस्तिकेत उपाय शोधण्यात गुंतले होते. बाहेर काही दिसत नाही आणि नजर मात्र खाली, ही उड्डाणातली फार अवघड वेळ असते.

नजर वरच राहावी, म्हणून 'हेड-अप डिस्प्ले' असतो. वैमानिकाच्या डोळ्यांसमोर एक पारदर्शक काच. वेग, उंची, दिशा तिच्यावरच उमटतात. आणि ती अक्षरं दूर क्षितिजावर असल्यासारखी दिसतात, त्यामुळे डोळ्याला जवळ-लांब करावं लागत नाही. आपल्या तेजस लढाऊ विमानासाठी असा डिस्प्ले चंदीगडच्या सीएसआयओ या सरकारी संस्थेनं तयार केला. बोइंग ७८७ मध्ये तो दोन्ही वैमानिकांपुढे असतो.

दुसरा डोळा म्हणजे विमानाच्या नाकावरचा इन्फ्रारेड कॅमेरा. तो उष्णता पाहतो आणि ते चित्र त्याच काचेवर दाखवतो. २००१ साली अमेरिकेत गल्फस्ट्रीमच्या विमानावर याला पहिली मान्यता मिळाली. अंधार, धूर, विरळ धुकं यांतून तो चांगलं पाहतो. पण दाट धुक्यात पाण्याचे थेंब ती उष्णताही अडवतात. आणखी एक गंमत ऐका. धावपट्टीचे जुने दिवे तापायचे, म्हणून कॅमेऱ्याला दिसायचे. आता वीज वाचवायला एलईडी आले. ते फारसे तापत नाहीत, त्यामुळे जुन्या कॅमेऱ्याला ते नीट दिसेनात! मग वेगवेगळे प्रकाश टिपणारे नवे कॅमेरे करावे लागले.

तिसरा प्रकार 'सिंथेटिक व्हिजन', म्हणजे रचलेलं दृश्य. इथे कॅमेराच नाही. नकाशा आणि उपग्रहाच्या आधारानं संगणक बाहेरचे डोंगर, नद्या, धावपट्टी पडद्यावर रंगवतो. अमावस्येच्या रात्रीही लख्ख दुपार. पण हे चित्र नकाशाचं आहे. धावपट्टीवर शिरलेलं कुत्रं किंवा उभी राहिलेली जीप त्यात दिसणार नाही. म्हणून आता कॅमेरा आणि नकाशा दोन्ही एकत्र करण्याकडे कल आहे.

ज्या लहान विमानतळांवर आयएलएस नाही, त्यांच्यासाठी इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची 'गगन' यंत्रणा आहे. उपग्रहावरून मिळणारी जागा ती अधिक अचूक करते. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगढला इंडिगोचं एटीआर विमान तिच्या आधारानं उतरवून दाखवलं गेलं.

इतकं सगळं असताना अपघात का होतात? ७ ऑगस्ट २०२०, कोळिकोड. रात्र, धो धो पाऊस, डोंगरमाथ्यावरची धावपट्टी. कॅप्टन दीपक साठे आपल्या मराठी घरातले, हवाई दलात नाव कमावलेले. त्यांच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. एकदा विमान वर नेऊन ते दुसऱ्यांदा आले. विमान धावपट्टीवर फार पुढे टेकलं. सहवैमानिकानं 'गो-अराउंड', परत वर चला, असं म्हटलं होतं, पण विमान थांबवण्याचाच प्रयत्न झाला. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. गेलेल्या माणसाला दोष द्यायला आम्ही हे सांगत नाही. इतक्या अनुभवी हातांनाही परत फिरणं किती जड जातं, एवढंच यातून घ्यायचं.

म्हणून आमचं म्हणणं थोडक्यात असं. यंत्र वैमानिकाला जास्त दाखवतं. 'नको, परत फिरू' हे मात्र त्यालाच म्हणावं लागतं. आणि ते म्हणणं सोपं किंवा अवघड करण्यात आपला सर्वांचा वाटा असतो. आम्ही सरकारी माणसं आहोत. 'साहेबांचा कार्यक्रम आहे, वेळेत पोचलंच पाहिजे' या वाक्याचं वजन आम्हाला ठाऊक आहे. ते वजन ड्रायव्हरच्या मानेवर पडतं, तसंच वैमानिकाच्याही पडतं. उशिरा पोचलेल्या पाहुण्याचा हार थोडा सुकतो, बाकी काही बिघडत नाही.

येत्या डिसेंबर-जानेवारीत आपल्यापैकी कोणी दिल्लीला निघालं, विमान दोन घिरट्या घालून दुसऱ्याच गावी उतरलं, तर काउंटरवरच्या पोरीवर ओरडू नका. पाण्याची बाटली मागा, घरी फोन करा. आणि उतरताना कॅप्टन दारात दिसले, तर परत फिरल्याबद्दल त्यांचे आभार माना.

 गणपती बाप्पा मोरया!