शेकानंतरची दहा मिनिटं



परिषदेच्या अध्यक्षानं साऱ्या व्यवसायाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. मी आज एकाच उपचाराबद्दल बोलणार आहे. आपले रुग्ण त्याला ‘मशीनचा शेक’ म्हणतात आणि आपण मायक्रोवेव्ह डायथर्मी.

१९४० साली बर्मिंगहॅममध्ये रँडल आणि बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन तयार केला, तो रडारसाठी. युद्ध संपल्यावर मेयो क्लिनिकमध्ये फ्रँक क्रूसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून निघणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी दुखऱ्या स्नायूंवर वापरून पाहिल्या. पुढे २४५० मेगाहर्ट्झची यंत्रं रूढ झाली. या लहरी पाण्याचा अंश जास्त असलेल्या ऊतींमध्ये अधिक शोषल्या जातात, म्हणून स्नायू तापतो. पण त्यांची पोच मोठी नाही. स्नायूत दोनेक सेंटिमीटर गेल्या की त्यांचा जोर बराच ओसरलेला असतो. शिवाय चरबी आणि स्नायू यांच्या सीमेवरून काही ऊर्जा मागे फिरते आणि चरबीचा थर नको तितका तापतो. त्यामुळे स्थूल रुग्णाच्या खुब्याच्या सांध्यापर्यंत हा शेक पोचेल अशी आशा धरू नये. गुडघा, घोटा, कोपर इथे मात्र त्याला जागा आहे. संशोधक जस्टस लेमान यांनी ९१५ मेगाहर्ट्झचा आग्रह धरला तो कमी पोच आणि चरबीचं तापणं याच कारणांनी. इटलीत ४३४ मेगाहर्ट्झच्या लहरी आणि त्वचा थंड ठेवणारी पाण्याची पिशवी अशी जोडणी वापरली गेली. तिथे खेळाडूंच्या कंडरांच्या जुनाट दुखण्यावर आणि गुडघ्याच्या संधिवातावर झालेल्या चाचण्यांत वेदना कमी झाल्याचं दिसलं. हे अभ्यास लहान आहेत, पण दुर्लक्ष करण्याजोगे नक्कीच नाहीत.

ऊतींचं तापमान ४० ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान गेलं की रक्तपुरवठा वाढतो, आखडलेला स्नायू सैलावतो आणि कोलॅजेन ताणाला अधिक सहज साथ देतं. ही साथ ऊब टिकते तेवढ्याच वेळापुरती असते. म्हणून रुग्णाला शेक देऊन चप्पल घालायला सांगणं मला मनापासून खटकतं. गुडघा वाकत नाही म्हणून आलेल्या बाईंचा गुडघा गरम केला आणि वाकवलाच नाही, तर आपण त्यांचा वेळ आणि रिक्षाचं भाडं दोन्ही वाया घालवलं. स्ट्रेचिंग आणि व्यायाम त्याच टेबलावर, लगेच व्हायला हवेत.

आता मात्रेबद्दल, कारण माझी खरी कळकळ इथे आहे. यंत्रावरचा आकडा किती ऊर्जा बाहेर पडते ते सांगतो. ऊतींचं तापमान सांगत नाही. ते रुग्णच सांगतो: ‘बरं वाटतंय’ की ‘चटका बसतोय’. ज्याच्या पायाची संवेदना मधुमेहानं बोथट झाली आहे त्याला हे सांगताच येत नाही, आणि असे रुग्ण आपल्याकडे रोज येतात. गरम आणि थंड पाण्याच्या नळ्यांनी त्वचेची तपासणी केल्याशिवाय स्विच दाबू नये. गर्दी कितीही असो, यात सवलत नाही.

‘रॉड टाकलाय का? पेसमेकर आहे का?’ हे प्रत्येक वेळी विचारा. मंगळसूत्र, पदराची पिन, जरीचा काठ, ओली पट्टी, घाम यांकडे बघा. डोळ्यांच्या आसपास ही लहर नको. नेत्रभिंगाला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिथली उष्णता वाहून नेली जात नाही. गरोदरपण, कर्करोगाची गाठ, रक्तपुरवठा तुटलेला अवयव इथेही नको. मुरगळलेल्या घोट्याला पहिले दोन-तीन दिवस तर नकोच, कारण आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. घरची मंडळी शेकाचा आग्रह धरतील, तेव्हा त्यांना शांतपणे समजावा.

माझी विनंती एवढीच आहे की प्रत्येक विभागानं शेकाच्या नोंदवहीत आणखी तीन रकाने घालावेत: संवेदनेची तपासणी, शेकाआधी सांधा किती वाकला, आणि व्यायामानंतर किती वाकला. पुढच्या परिषदेत त्या वह्या आणा. कोणत्या रुग्णांना हा शेक द्यायचा आणि कोणाला तो बंद करायचा, हे आपण त्या नोंदी समोर ठेवून ठरवू.