एकाच छपराखाली सारे दप्तर नको

(बडोदे येथील मांडवी भागात मराठी भाषिक रहिवाशांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मांडवीपाशी चार रस्ते मिळतात व लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार वेशींकडे जातात. एक वेस बंद झाली तरी उरलेल्या तीन वाटांनी शहराचा व्यवहार चालू राहतो. संगणकीय दप्तराची मांडणी नेमकी याच विचाराने करावी लागते.

‘क्लाउड’ म्हणजे मेघ. नाव काव्यमय असले तरी वस्तू मात्र जमिनीवरचीच आहे. कोठेतरी एक इमारत, तीत हजारो यंत्रे, त्यांना वीज आणि थंडावा. अशी इमारत जळते, बुडते, अंधारातही जाते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे शासकीय माहिती केंद्रात बॅटऱ्यांनी पेट घेतला आणि सहाशेहून अधिक शासकीय सेवा बंद पडल्या. कर्मचाऱ्यांची कागदपत्रे ठेवणारा एक संपूर्ण साठा भस्मसात झाला. त्याची अन्यत्र प्रत नव्हती. २०२१ च्या मार्चमध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे एक केंद्र जळाले, तेव्हा लगतच्या इमारतीलाही झळ पोहोचली. शेजारची इमारत म्हणजे वेगळी जागा नव्हे.

यावरील उपाय म्हणजे ‘अवेलेबिलिटी झोन’. आपण त्यास उपलब्धता क्षेत्र म्हणू. एकाच प्रदेशात काही किलोमीटर अंतरावर स्वतंत्र केंद्रे उभारून प्रत्येकाची वीज, शीतकरण व जोडणी वेगळी ठेवतात. ॲमेझॉन कंपनीने मुंबईत २०१६ साली अशा दोन क्षेत्रांनी आरंभ केला. २०१९ मध्ये तिसरे आले. ही क्षेत्रे फार दूर का नसतात, असा प्रश्न कोणी विचारील. कारण असे की, महत्त्वाची नोंद दोन ठिकाणी उतरल्यावरच पोच देण्याची पद्धत असते. अंतर वाढले की प्रत्येक पोचेला विलंब होतो.

तथापि क्षेत्रे असणे आणि आपले काम त्यांत विभागलेले असणे, या भिन्न गोष्टी आहेत. पुष्कळदा यंत्र एकाच क्षेत्रात घेतले जाते, कारण ते स्वस्त पडते. शिवाय तिन्ही ठिकाणची यंत्रे आधीच पूर्ण भाराने चालत असतील, तर एक बंद पडताच उरलेली दोन कोलमडतील. प्रत्येकावर दोन-तृतीयांशापेक्षा अधिक भार असू नये.

आणि मांडवीचा चौकच अडला तर? चारही वेशी उघड्या असून उपयोग नाही. २० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया येथे तसेच घडले. इमारती शाबूत होत्या. सेवांचे पत्ते सांगणारी सामाईक व्यवस्था बिघडली आणि जगभरचे व्यवहार खोळंबले. महापुरासारखे संकटही एका प्रदेशातील सर्व क्षेत्रांना गाठू शकते. २६ जुलै २००५ ची मुंबई आणि ऑगस्ट २०२४ मधील विश्वामित्रीचा पूर आपण विसरलेलो नाही. म्हणून सातबारा किंवा विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकांसारख्या दप्तराची आणखी एक प्रत दूरच्या प्रदेशात असावी. हैदराबाद येथे २०२२ पासून तशी सोय आहे. ती प्रत मिनिटभर मागे असली तरी चालेल.

शाळेचे वा ग्रामपंचायतीचे दप्तर एखाद्या संस्थेकडे सोपविताना अधिकाऱ्यांनी व शिक्षकांनी दोन गोष्टी लेखी मागाव्यात : प्रती कोणकोणत्या क्षेत्रांत आहेत, आणि एक क्षेत्र मुद्दाम बंद करून पाहिल्याची शेवटची तारीख कोणती. दुसऱ्या रकान्यात तारीख नसेल, तर कागद सहीविना परत पाठवावा.