गोम जोडात असते



मघाशी तुमच्या कॉलेजच्या या स्नेहसंमेलनात ईशस्तवनाच्या वेळी स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येत होता. माईक बदलला, तरी घूं. वायर बदलली, तरी घूं. मग पडद्यामागून कुणीतरी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि आवाज एकदम थांबला. माईक चांगला, लॅपटॉप चांगला, स्पीकरही चांगला. घोळ होता तो तिघांच्या जोडणीत. गेली बावीस वर्षं मी असलेच घोळ निस्तरतोय. फक्त माझा स्पीकर २० टनांचा असतो.

माझ्या कामाला सिस्टिम इंटिग्रेशन म्हणतात: वेगवेगळ्या कारखान्यांतले भाग जोडून एक यंत्र चालतं करायचं. माझं यंत्र म्हणजे पोकलेन. माती-दगड उपसणारं यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, आपल्याकडे त्याला पोकलेनच म्हणतात. एका फ्रेंच कंपनीचं नाव आपल्या तोंडात इतकं बसलंय. या यंत्राचं इंजिन एका कारखान्यातून येतं, हायड्रॉलिक पंप दुसऱ्या, कंट्रोलर तिसऱ्या, स्क्रीन चौथ्या. प्रत्येकाकडे पास झाल्याचं सर्टिफिकेट असतं. पण चार हुशार मुलं एका ग्रुपमध्ये घातली म्हणून प्रोजेक्ट वेळेत होतो का? माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहीत.

बकेट दगडाखाली घुसते, तेव्हा तेलाचा दाब ३५० बारपर्यंत चढतो. तुमच्या घरच्या मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब २ बारच्या आसपास असतो. पंप ताकद मागतो, इंजिनाचे फेरे उतरायला लागतात. अशा वेळी कंट्रोलरने पंपाला आवर घातला नाही, तर इंजिन गुदमरून बंद पडतं. आणि घाईने आवर घातला, तर ऑपरेटर म्हणतो, "साहेब, गाडीत दमच नाही." हा मधला तोल हिशेबाने जवळपास येतो, पण हातात येतो तो लॅपटॉप घेऊन यंत्रापाशी धूळ खाल्ल्यावरच.

हे सगळे भाग एकमेकांशी बोलतात ते दोन तारांवरून. एक पिवळी, एक हिरवी, एकमेकींना पीळ घातलेल्या. या पद्धतीचं नाव कॅन बस. बॉश कंपनीने १९८६ साली मोटारींसाठी म्हणून ती जगापुढे मांडली. अवजड वाहनांच्या जे१९३९ या नियमावलीनुसार तिच्यावरून सहसा सेकंदाला अडीच लाख बिट धावतात. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर लावावा लागतो. नाहीतर संदेश टोकावर आपटून परत येतो, विहिरीत मारलेल्या हाकेसारखा.

वाघोलीकडच्या एका दगडखाणीतली गोष्ट. मशीन यार्डात दिवसभर बिनतक्रार चालायचं; खाणीत गेलं की मध्येच संपर्क तुटल्याचा इशारा द्यायचं आणि मलूल व्हायचं. इंजिनवाले आले, पंपवाले आले, कंट्रोलरवाले आले. प्रत्येकाने आपला भाग निर्दोष असल्याचा रिपोर्ट दिला. तिघांचेही रिपोर्ट खरे होते! मीही दोन दिवस ऑफिसात ड्रॉइंगवर डोळे फोडत बसलो. त्याची आजही लाज वाटते. तिसऱ्या दिवशी खाणीत गेलो. ऑपरेटरमामा तंबाखू मळत म्हणाले, "स्क्रीन बदलली तेव्हापासून हे दुखणं लागलंय." मी म्हटलं, "मामा, आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "विचारलं कुणी?"

बॅटरीचा स्विच बंद केला आणि त्या दोन तारांना मल्टिमीटर लावला. १२०चे दोन रेझिस्टर समांतर, म्हणजे किती यायला हवेत? बरोबर, ६०. मीटर दाखवत होता ४०. म्हणजे तारेवर कुठेतरी तिसरा १२० बसला होता. तो निघाला नव्या स्क्रीनच्या पोटात. स्क्रीन बनवणाऱ्याने सोय म्हणून दिला होता. बसवणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. त्याच्यामुळे संदेशाचा जोर कमी पडायचा. यार्डात कसंबसं निभायचं, खाणीत सगळा भार एकदम आला की बोलणं तुटायचं. तिसरा रेझिस्टर काढला, दुखणं गेलं.

मित्रांनो, "माझा भाग बरोबर आहे" हे वाक्य तुम्ही नोकरीत रोज ऐकाल. खरंही असेल. पण यंत्र बंदच असतं ना! तुमच्याकडे मेकॅनिकलची इमारत वेगळी, इलेक्ट्रिकलची वेगळी, कॉम्प्युटरची तर रस्त्यापलीकडे. यंत्राला या भिंती ठाऊक नसतात. या स्नेहसंमेलनासाठी तुम्ही तिन्हीकडची मुलं महिनाभर एकत्र राबलात, भांडलात, पुन्हा कामाला लागलात. परीक्षेत याला मार्क नाहीत, पण माझ्या लेखी हाच पहिला पेपर.

आता बक्षीस समारंभ आहे. बक्षिसं मी आनंदाने देईन. मात्र प्राचार्यांना एक विनंती: जाण्याआधी मला पडद्यामागे न्या. चार्जर काढायचं कुणाला सुचलं, तेवढं विचारायचंय.