कुंपण ओलांडणारी घोडी

पावसाळ्याच्या दिवसांत, अजून धुकं उठलेलं नसताना, मावळातल्या एखाद्या वाडीवर मोठ्याने भांडण ऐकू आले, तर ते बहुधा दोनच गोष्टींवरून असते. एक बांध, आणि दुसरे जनावर. बांधाच्या भांडणावर बोलायला आमच्यापेक्षा वकील बरे. मी आज दुसऱ्या भांडणाविषयी बोलणार आहे, आणि तेही एकाच जनावराविषयी. कुंपणावरून उडी मारून बाहेर जाणारी घोडी! मी काही जनावरांचा डॉक्टर नव्हे. पवन मावळातल्या घोडी बाळगणाऱ्या एका घरातला मी माणूस. जे सांगतो ते थोडे ऐकून, थोडे वाचून आणि पुष्कळसे चुकून शिकलेले आहे.

शहरातल्या माणसाला वाटते, मावळात घोडी ती कशाला? लोणावळ्याला पर्यटकांना फेरी मारून आणणारी घोडी त्याने पाहिलेली असतात, तेवढीच. पण आमच्याकडे घोडी असते ती बैलगाड्याच्या शर्यतीसाठी. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या बाजूला घाटात गाडा सुटतो तेव्हा बैलांच्या पुढे घोडी पळते, आणि तिच्यामागे बैल जीव तोडून धावतात. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा कित्येकांनी घोडी विकून टाकली. पुढे १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने शर्यतीचा कायदा मान्य केला. शर्यत असावी की नसावी हा आजचा विषय नाही. माझा विषय इतकाच, की परवानगी मिळाल्यावर पुन्हा दारोदार घोडी आली, आणि मधल्या सात-साडेसात वर्षांत ती सांभाळायची कशी हे तरुण पोरं विसरून गेली होती. आमचं घर त्यातलंच.

२०२२च्या जत्रांत आमची घोडी चांगली पळाली. वैशाख सरला, पाऊस आला, आणि आम्ही तिला घराखालच्या पडीक खाचरात मोकळी सोडली. भोवती करवंदीच्या काट्यांचं कुंपण, छातीइतकं. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी पहाटे चुलते दारात उभे.

“तुझी घोडी माझ्या रोपात हाय. तू येतोस, का मीच धरू तिला?”

आता भाताचं रोप म्हणजे काय हे मावळच्या माणसाला सांगायला नको. पण आमच्या श्रोत्यांत दुष्काळी भागातले बंधूही आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. लोणावळ्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि आमची सारी शेती त्या चार महिन्यांच्या पाण्यावर. राब भाजून, त्या जागी रोप टाकून, जुलैत लावणी. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी भात आज सगळ्यांना ठाऊक आहे; त्याचं रोप जुलैत तुडवलं गेलं, तर तेवढ्या उशिरा दुसरं आणायचं कुठून? चुलते म्हणाले ते खरंच होतं, “रोप गेलं तर साल गेलं.” पहिल्या वेळी आम्ही आमच्यातलं थोडं रोप त्यांना दिलं. दुसऱ्या वेळी त्यांनी घेतलं नाही. बोलणंच बंद झालं.

अशा वेळी माणूस जे करतो ते आम्ही केलं, म्हणजे घाई. बाजारातून काटेरी तार आणली आणि करवंदीच्या वर दोन पदर ओढले. त्याच रात्री घोडी त्या तारेतून गेली. श्रोतेहो, ही गोष्ट नीट ध्यानात धरा, कारण यात जनावर मरतं. घोड्याला बारीक तार दिसत नाही. अंधारात तर नाहीच. आणि बैल अडकला की उभा राहतो, घोडं अडकलं की ओढतं. आमच्या घोडीची छाती वीतभर फाटली. घोड्याला धनुर्वाताचं भय इतर जनावरांपेक्षा फार जास्त, म्हणून जखम लहान असली तरी त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यातून धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागतं. हळद लावून वाट बघू नये. आमच्या आजीने हळद लावलीच, पण डॉक्टरही आले. जखम भरायला दीड महिना गेला. तार आम्ही दुसऱ्याच दिवशी काढली.

मग पायबंद घातला. पुढचे दोन पाय अखूड दोरीने बांधले की घोडं पळत नाही, हा आपला जुना समज. पळत नाही हे खरं, पण चार-सहा दिवसांत दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखं उड्या मारत चालायला शिकतं! गळ्यात लोढणं अडकवण्याचा सल्लाही कुणी दिला. तो मात्र आम्ही ऐकला नाही, हे दैवच म्हणायचं. लोढणं गुरांसाठी. उडी मारणाऱ्या घोड्याच्या गळ्यात ते घातलं तर ते कुंपणात अडकून मान तरी मोडते, नाही तर पुढचा पाय. आगाडी-पिछाडी लावून रात्रभर ठाणावर बांधणं ही पागेतली रीत आहे खरी, पण पागेत दिवसा घोड्याला रपेट असते. चोवीस तास अखूड दोरीवर जनावर ठेवणं १९६०च्या कायद्यालाही मान्य नाही.

शेवटी वाट दाखवली ती शाळेतल्या गुरुजींनी. शिक्षक बंधूंनी हे मुद्दाम ऐकावं. गुरुजी घोड्यावर कधी बसलेले नव्हते. पण त्यांनी विचारलं, “ती कोणत्या कोणत्या दिवशी बाहेर गेली?” आम्हांला सांगता येईना. “रोज जाते” एवढंच आम्ही म्हणत होतो. गुरुजी म्हणाले, “खडू घ्या आणि गोठ्याच्या भिंतीवर तारीख टाका. गेली की फुली, नाही गेली की गोल.” आणि दुसरं म्हणाले, “पाऊस उघडला की मला मातीतली टापेची खूण दाखवा.” बरोबर सातवीची चार पोरं घेऊन ते आले, टेप लावून त्यांनी मापं घेतली.

मौज अशी निघाली, की घोडी रोज जातच नव्हती. पोर ज्या संध्याकाळी भारा टाकायला विसरे, त्या रात्री फुली. आणि चारा असूनही फुल्या पडत, त्या ओळीने पाच-सहा दिवस पडत. मग गोल, आणि साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा तशीच ओळ. दिवस मोठे होऊ लागले की, म्हणजे शिमग्याच्या सुमारापासून पावसाळा सरेपर्यंत, घोडी दर तीन आठवड्यांनी माजावर येते, आणि पाच-सहा दिवस तो माज राहतो. तेवढे दिवस ती नराच्या वासावर कोस दोन कोस जाईल. ती ओळ सुरू झाली की तिला रात्री चार भिंतींच्या आत घ्यावी, एवढाच त्यावर उपाय. वर्षभर कुंपण उंच करत बसण्यात अर्थ नाही.

भुकेचं गणित वेगळं. घोडं बैलासारखं एकदा पोट भरून रवंथ करत बसत नाही. त्याचं पोट लहान. दिवसाच्या चोवीस तासांपैकी सोळा-सोळा तास ते चरत असतं. संध्याकाळी सहाला वैरण संपली आणि सकाळी सातला पुन्हा टाकली, तर मधले तेरा तास ते काय करणार? समोर हिरवंगार रोप डुलतंय, आणि मध्ये फक्त करवंदीची जाळी. अडीचशे किलोच्या घोडीला दिवसाला पाच किलो तरी कोरडी वैरण लागते, आणि तिच्यातला मोठा वाटा रात्रीसाठी हवा. भाताच्या पेंढ्यात सत्त्व कमी. नुसत्या पेंढ्यावर घोडी राखू नये. डोंगरचं गवत दिवाळीत कापून गंजी घालतात ते उत्तम.

आणि इथेच आमची मोठी चूक होती. हंगामात तिला हरभऱ्याची आणि मक्याची चंदी होती, ती आम्ही पावसाळ्यातही चालू ठेवली. काम नाही, फेरी नाही, आणि तोबरा मात्र भरलेला! वैरण कमी आणि दाणा जास्त, हे घोड्याच्या डोक्यात आग घालण्यासारखंच आहे. चंदी निम्म्याहून कमी केली, वैरण वाढवली, आणि रोज पाऊण तास तिला दोरीवर धरून पवनेच्या रस्त्याने फिरवून आणली. हे काम आमच्या पोराने भर पावसात घोंगडी घेऊन केलं. त्याला मी तरी शाबासकी देतो.

आता टापांच्या खुणांचं ऐका. गुरुजींच्या पोरांनी दाखवलं, की सगळ्या उड्या एकाच जागेवरून होत्या. आमचं खाचर उतारावरचं. खालच्या बाजूला बांध, आणि कुंपण बांधाच्या पायथ्याशी. बाहेरून बघणाऱ्याला कुंपण साडेचार फूट दिसे. पण घोडी आत, वरच्या अंगाला उभी! तिच्या पायापासून मोजलं तर दोन फूटसुद्धा नाही. साडेचार फूट उंचीच्या घोडीला दोन फूट म्हणजे उंबरा. कुंपण आम्ही बाहेरून मोजत होतो, आणि ओलांडणारी आतून मोजत होती.

मग तेच कुंपण उचलून बांधाच्या माथ्यावर घेतलं. आतून पुरते पाच फूट झाले, आणि पलीकडे उतरायची जागा खोल गेली. खोल जागी उतरायचं तर घोडं दहादा विचार करतं. वर काटेरी तारेऐवजी जाड बांबू आडवा बांधला आणि त्याला चुना फासला, म्हणजे अंधारातही दिसावा. जिथून ती धाव घेत असे तिथे दगडांचा ढीग टाकला. धाव मिळाली नाही की उडीही नाही. कुंपणाला कण्हेर मात्र लावू नका. दिसायला छान, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून लोक लावतात; पण तिची मूठभर पानं, वाळलेलीसुद्धा, घोड्याला पुरतात. सौरऊर्जेवरचं झटका यंत्र पुष्कळांनी घेतलं आहे. त्याला तारेऐवजी रुंद पांढरी पट्टी लावली तर घोड्यासाठी ते चांगलं काम देतं. पण घरातल्या विजेची तार कुंपणाला जोडणं हा गुन्हा आहे, आणि त्याने माणसं मेली आहेत. शाळेची पोरं त्याच बांधावरून जातात.

एक कारण राहिलं, आणि ते आम्हांला सर्वांत उशिरा सुचलं. घोडं कळपातलं जनावर. आमचा म्हातारा बैल ज्येष्ठात गेला, तेव्हापासून घोडी एकटी होती. चुलत्यांच्या रोपाच्या पलीकडे त्यांचा गोठा आहे, त्यात चार गुरं. ती रोप खायला जात नव्हती असं नाही, पण सकाळी सापडायची ती त्या गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून! शर्यतीच्या तबेल्यांतही तापट घोड्याजवळ शेळी बांधण्याची जुनी चाल आहे. आम्ही एक शेळी आणून तिच्या खाचरात सोडली. पहिला दिवस तिने शेळीला पळवलं. तिसऱ्या दिवशी शेळी तिच्या पोटाखाली पावसाला उभी होती.

घोडी बाहेर गेलीच, तर काय करावं? मागे धावू नये, आणि परत आल्यावर मारू नये. परत येण्याबद्दल मार मिळाला, तर पुढच्या वेळी ती कशाला येईल? तोबऱ्यात मूठभर दाणे खुळखुळवत, तिरकं चालत जावं. आणि आधी माणूस पाठवावा तो मोठ्या रस्त्यावर. आमच्या तालुक्यातून जुना मुंबई-पुणे रस्ता जातो, २००२ साली पूर्ण खुला झालेला द्रुतगती मार्ग जातो, लोहमार्ग जातो. रात्री रस्त्यात उभी असलेली काळी घोडी मोटारसायकलवाल्याला दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. रोपाची भरपाई देता येते. कुठे दाण्याच्या पोत्याला तोंड लागलं असेल, तर ती धडधाकट दिसली तरी डॉक्टरला बोलवावं. घोड्याला उलटी होत नाही, पोट फुगून ते जातं, नाही तर चारी खुरांनी लंगडं होतं.

शेजाऱ्याने घोडी कोंडवाड्यात घातली तर रागावू नये. १८७१च्या कायद्याने गुरांच्या व्याख्येत घोडा, घोडी, शिंगरू, सगळी धरली होती; म्हणजे हे भांडण काही आमच्या वाडीने शोधून काढलेलं नाही. बेडश्याच्या लेण्यात खांबांच्या माथ्यावर दगडी घोडी बसलेली आहेत. दोन हजार वर्षांत ती जागची हलली नाहीत, पण तशी घोडी गाड्यापुढे पळायची नाहीत.

आमची घोडी त्यानंतर एकदाच बाहेर गेली, दिवाळीत, फटाक्यांना भिऊन. तेव्हा भात कापून खळ्यावर आलं होतं. चुलत्यांनी तिला धरली, आपल्याच गोठ्यात बांधली, पेंढा टाकला, आणि पोराबरोबर निरोप धाडला, “सकाळी ये, आन् येताना शेळी घिऊन ये. लई हिंकाळतीय.”